आषाढ मागून घे

या आठवड्याचं पत्र, थोडं कापून:

"ताई, मी रत्नागिरीत राहते, वय २७. सावर्ड्याला चित्रकला शिकले. गेली चार वर्षं इथल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात कामाला आहे. दवाखान्याला जोडूनच ग्रूमिंग (आंघोळ, केस-नखं) आणि बोर्डिंग (मालक गावाला गेले की प्राणी ठेवायची सोय) आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, आठवड्याला एक सुट्टी, हातात चौदा हजार. काम आवडतं, खोटं कशाला बोलू. पण घरी येते तेव्हा मनगट धरून आलेलं असतं, ओढणीला कुत्र्याचे केस असतात आणि जेवून पाठ टेकली की एकदम सकाळ. रोज रात्री तासभर चित्र काढायचं असं तीनदा ठरवलं, तिन्हीदा मोडलं. मार्चमध्ये आमच्याकडे येणारा चौदा वर्षांचा लॅब्रेडोर कुत्रा किडन्या गेल्यामुळे इंजेक्शन देऊन झोपवावा लागला. मालक बाहेर थांबले, मी त्याला धरून होते. तेव्हापासून रेघ ओढलेली नाही. आई-बाबा म्हणतात, ड्रॉइंग टीचरची नोकरी बघ, निदान कलेच्या जवळ राहशील. मैत्रीण म्हणते, नोकरी सोड आणि लोकांच्या कुत्र्यामांजरांची पोर्ट्रेट करून दे. आमचे डॉक्टर म्हणतात, तू आर्टिस्ट ना, मग पावसात बोर्डिंग रिकामं असतं तेव्हा रिसेप्शनची भिंत रंगवून टाक. मी काय करू? – ड्रायरवाली"

प्रिय ड्रायरवाली,

तुझं पत्र वाचून मी पहिलं काय केलं असेल, तर भागाकार. चौदा हजार भागिले सव्वीस दिवस, भागिले नऊ तास. तासाला साठ रुपयांच्या आसपास येतात. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, लागणार आहे.

आधी आई-बाबांच्या सल्ल्याचं उरकते, कारण त्या बाबतीत मी अनुभवी आरोपी आहे. एकतीस वर्षं मी कुडाळ तालुक्यातल्या एका हायस्कुलात ड्रॉइंग टीचर होते. नोकरी चांगली, मुलं गोड, मे महिन्याची सुट्टी. पण ती कलेच्या जवळ असते, यावर माझा विश्वास नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांची स्थिरचित्रं बघायची: एक तांब्या, दोन केळी, मागे चुण्या पडलेलं कापड. असे हजारो तांबे माझ्या नजरेखालून गेले. शिवाय स्नेहसंमेलनाचा पडदा, विज्ञान प्रदर्शनाचे फलक, पाहुणे यायचे असतील त्या दिवशीची रांगोळी, सगळं "बाई, तुम्हीच करा". संध्याकाळी घरी येऊन रंगाची ट्यूब उघडली की तिचा वास नकोसा व्हायचा. हलवायाच्या घरी पेढा कोण खातं? पहिल्या आठ वर्षांत मी स्वतःसाठी चार चित्रं काढली. मुलांना शिकवण्याची ओढ असेल तर जरूर त्या वाटेला जा. चित्रासाठी वेळ मिळेल म्हणून मात्र जाऊ नकोस.

तुझी नोकरी हात थकवते, पाठ थकवते, आणि मार्चपासून मनही थकवलंय तिने. डोळ्याची भूक मात्र ती मारत नाही. माझ्या नोकरीने नेमकी तीच मारली होती.

मैत्रिणीच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, पण तिने हिशेब केलेला नाही. समज, पाळीव कुत्र्याचं एक बरं जलरंगातलं पोर्ट्रेट करायला तुला आठ तास लागतात. ओळखीच्या बाईंकडून तू संकोचून पाचशे घेतेस. म्हणजे तासाला साठ-बासष्ट. कागद, रंग आणि फ्रेम त्यातच. म्हणजे दिवसभर जे काम तू पगारावर करतेस त्याहून स्वस्तात रात्रीचं जागरण विकलंस, आणि शिवाय "डोळे जरा मोठे करा ना, आमचा ब्रूनो असा रागीट नाही" हेही ऐकलंस. ऑर्डरी घ्यायच्याच तर दोन हजाराच्या खाली घेऊ नकोस, अर्धे आधी घे, आणि फोटो प्राण्याच्या डोळ्याच्या पातळीवरून काढलेला माग, सोफ्यावरून खाली बघून काढलेला नको. महिन्याला एक, फार तर दोन. गेलेल्या प्राण्यांच्या ऑर्डरी निदान या वर्षी नको. लोक त्याच जास्त आणतील, फोनवर रडतील, तुला नाही म्हणवणार नाही. तरी म्हण.

त्यासाठी नोकरी सोडणं? नको. पोर्ट्रेटवर पोट भरायला लागलीस की महिन्याला दहा ब्रूनो काढावे लागतील, आणि मग ते ब्रूनो माझ्या तांब्यांसारखेच.

आता त्या लॅबबद्दल.

पत्रात तू त्याला दोन ओळींत उरकलंस, मनगट आणि आई-बाबा यांच्या मधे बसवून. पण मला तुझं खरं पत्र तेवढंच वाटलं. वेळ मिळत नाही हे खरंच आहे. मार्चपर्यंतही तो मिळत नव्हता. तरी मार्चपर्यंत तू ठरवत होतीस, मोडत होतीस, पुन्हा ठरवत होतीस. मार्चनंतर ठरवलंसुद्धा नाहीस. याला कंटाळा म्हणत नाहीत. आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना हे होतं, त्यांच्यात याला कम्पॅशन फटीग असं नाव आहे. दुसऱ्याचं दुखणं रोज हातात धरून धरून हात बधिर होतात. बधिर हाताला पेन्सिल लागत नाही.

आणि तू त्या कुत्र्याची कोण होतीस, ते जरा बघ. चार वर्षं दर तीन-चार आठवड्यांनी तो तुझ्या टेबलावर येत असणार. त्याच्या कानात घाण कुठल्या बाजूला जास्त साठते, मागचा कुठला पाय उचलला की तो कण्हतो, पोटाखाली गाठ कधी आली, हे मालकाआधी तुला कळलं असेल. ग्रूमिंग करणाऱ्या माणसालाच हे आधी कळतं, कारण मालक कुरवाळतो आणि तुम्ही चाचपता. अशा प्राण्याला शेवटी तू धरलंस, पाच मिनिटांनी त्याच टेबलावर पुढचा शिह त्झू घेतलास, आणि संध्याकाळी घरी "आज काय झालं?" विचारल्यावर "काही नाही" म्हणालीस. पैज लावते.

तेव्हा दवाखान्यात दोन गोष्टी माग. असं काही असेल त्या दिवशी धरायची पाळी आलटून पालटून ठेवा, दर वेळी तूच नको. आणि नंतर पंधरा मिनिटं मोकळी, मागच्या पडवीत उभं राहायला. हे लाड नाहीत. थरथरत्या हाताने ट्रिमर धरला तर प्राण्याला कापेल, डॉक्टरांना हे कारण लगेच पटेल. झोप-भूक अजून जाग्यावर नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. "कुत्र्यासाठी फोन कसा करू" असा विचार मनात येईलच, येऊ दे, आणि कर.

चित्राच्या बाजूने एकच काम देते. त्याचं पोर्ट्रेट काढू नकोस, फोटो समोर ठेवू नकोस. कोळसा घे, डोळे मीट, आणि मानेपासून शेपटीच्या बुडख्यापर्यंतची त्याच्या पाठीची रेघ हाताला आठवते तशी ओढ. छातीवर जिथे केसांचा भोवरा फिरतो, खांद्याचं हाड साबणाच्या फेसाखाली जिथे लागायचं, ते काढ. दहा मिनिटं. मग कागद उलटा करून ठेव. चार दिवसांनी बघितलंस तरी चालेल, नाही बघितलंस तरी चालेल. कॉलेजात आम्हाला हाडं-स्नायू पुस्तकातून पाठ करावे लागले. तू चार वर्षं रोज दहा-बारा जिवंत शरीरं हाताने वाचते आहेस. हे शिक्षण फुकट घालवायचं?

इथून मी तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. रोज रात्री एक तास हा बेतच मला पटत नाही. तो बेत शहरातल्या टेबलखुर्चीवाल्यांनी काढलाय. आपल्याकडे कुठली गोष्ट रोज सारखी चालते सांग? जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायचं काम घरात. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्र. आंब्याचं सगळं वर्ष दोन-अडीच महिन्यांत. मुंबईकर येतात तेसुद्धा गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. आपण वर्षाने जगतो आणि समतोल मात्र दिवसाचा शोधत बसतो.

माझे मामा पोस्टमन होते. आषाढ लागला की पडवीत फळ्या मांडायचे, माती मळायला घ्यायचे, आणि घराची गणपतीची शाळा व्हायची. रात्री कंदिलाखाली, पुढे बल्बाखाली. पन्नास-साठ मूर्ती. शेवटच्या आठवड्यात मामा झोपायचे नाहीत. डोळ्यांची आखणी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नाहीत आणि त्या वेळी आम्हा पोरांनी बोलायचंही नाही. भाद्रपदात मूर्ती घरोघर गेल्या की ब्रश धुऊन पत्र्याच्या डब्यात, तो डबा माळ्यावर, आणि मामा सायकलवर. पुढचे दहा महिने ब्रशाला हात नाही. या दहा महिन्यांत त्यांना आपण कलाकार आहोत की पोस्टमन, असा प्रश्न पडलेला मी पाहिला नाही. गावालाही पडला नाही. ज्येष्ठातच लोक पाट आणून द्यायला लागायचे.

(दशावतारी नटांबद्दल आमच्याकडे म्हण आहे, "रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा". लोक ती मोठ्या कौतुकाने सांगतात. मला ती म्हण कधी आवडली नाही. त्या राजाच्या झोपेचं काय, ते कुणी विचारत नाही. तू रात्री राणी व्हायच्या फंदात पडू नकोस.)

तुझ्याच पत्रात उत्तर आहे: पावसात बोर्डिंग रिकामं असतं. डॉक्टरांना ते भिंत रंगवून घ्यायला आठवलं, तुला तुझ्यासाठी आठवायला हवं होतं. आषाढातले चार आठवडे अर्धा दिवस माग. दहा ते दोन काम, पुढे घरी. पगार कापतील, कापू दे. अर्ध्या दिवसाचे महिनाभराचे सात हजार. ते आजपासून महिन्याला सातशे बाजूला टाकलेस तर दहा महिन्यांत जमतात, आणि मधे दोन-तीन पोर्ट्रेट केलीस तर त्याआधीच. बदल्यात तू काय देणार, ते आधीच सांगून टाक: गणपतीत, दिवाळीत आणि मे महिन्यात रजा मागणार नाही. गणपतीत घरोघरी पाहुणे आणि सोवळंओवळं, म्हणून कुत्रे तुमच्याकडे येतात. दिवाळीत फटाक्यांनी बिथरलेले येतात. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून गाडीतून आलेले हस्की येतात, ज्यांचे मालक म्हणतात, "उकडतंय त्याला, पूर्ण भादरून टाका." (आणि तू समजावतेस की हा दुहेरी कोट उन्हापासूनही राखतो, भादरू नका, आतले मेलेले केस विंचरून काढते आणि त्याला पंख्याखाली ठेवा. ही समजूत घालण्याची ताकद कुठून आणतेस, देव जाणे.) त्या दिवसांत अनुभवी हात मिळत नाही. डॉक्टरांना तुझा आषाढ परवडेल. विचारायला मात्र जूनच्या तोंडावर जाऊ नकोस. दिवाळी पार पडली, ते खूश असले, की त्या आठवड्यात बोल.

आणि भिंत? भिंत रंगव, पण फुकट नाही. तुझ्या आषाढाच्या पगाराला भिंत लाव. "भिंत मी पाच दुपारी करते, ते माझ्या रजेत नाही, कामात धरा." रंगाचं सामान त्यांचं. विषय तुझा, निदान अर्धा. त्यांना टोपी घातलेलं कार्टूनचं पिल्लू हवं असेल, तर ते छापील मिळतं म्हणून सांग.

त्या चार आठवड्यांत काय काढायचं हे मी सांगणं आगाऊपणा आहे, तरी एक सुचवते. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, पाहिली असशीलच. गोल, तळहातात मावणारा पत्ता. दशावतारी जोडात दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, असे १२० पत्ते. काढणाऱ्याने ते एका दमात काढलेले नसतात, एकेक करत जोड पुरा होतो. तुझ्यासारखीला हा आकार चांगला. मोठा कॅनव्हास उघडला आणि मधेच थांबला तर तो कोपऱ्यातून बघत राहतो, अपराधी वाटतं. पत्ता एका बैठकीत संपतो. भिजल्यावर उंदराएवढं झालेलं पर्शियन मांजर, ड्रायरसमोर डोळे मिटून कान मागे टाकलेला स्पिट्झ, नखं कापायच्या वेळी मालकाच्या काखेत तोंड खुपसलेला रॉटवायलर: तुझे अवतार तू निवड. पहिल्या आषाढात वीस झाले तरी पुष्कळ.

बाकीचे अकरा महिने? खिशात मावणारी वही आणि एक पेन. दुपारी अडीचच्या सुमाराला बोर्डिंगमधले सगळे झोपतात, तेव्हा झोपलेल्यांच्या रेघा काढ. झोपलेला कुत्रा स्वप्नात पाय हलवतो तेवढाच हलतो, एरवी त्याच्यासारखं मॉडेल कॉलेजातही मिळालं नव्हतं. मिनिटाची एक रेघ. नाही जमलं तर नाही, त्याची टोचणी नको. ही वही कुणाला दाखवू नकोस, फोनवर टाकू नकोस. लाइक मोजायला लागलीस की दुपारची ती वीस मिनिटंही नोकरी होतील.

आता मनगट, कारण ते दोन्ही कामांचं भांडवल आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या त्या बाजूला दुखतं का? अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे वाकवलं की कळ येते का? येत असेल तर बाम चोळत बसू नकोस, हाडांच्या डॉक्टरांना दाखव. जटा सोडवताना आणि ट्रिमर धरताना अंगठा सतत ताणलेला राहतो, त्याने तिथल्या स्नायूबंधाचं आवरण सुजतं. लवकर दाखवलं तर पट्टा बांधून आणि विश्रांती देऊन भागतं. टेबल तुझ्या कोपराच्या उंचीला आण. खाली पाट ठेवावा लागला तर ठेव. मोठ्या जटा सोडवायचा हट्ट करू नकोस, कापून काढ. तासभर ओढाओढ झाली की प्राण्यालाही दुखतं.

चावा-ओरखड्याचं तुला माहीत असणारच, तरी आईसारखी सांगते. लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि रेबीजच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारायचं. तुमचे नव्हेत, माणसांचे. प्रतिबंधक डोस आधी घेतले नसशील तर हा आठवडा सोडू नकोस. मांजर बोटाला चावलं तर छोटंसं भोक म्हणून सोडून द्यायचं नाही, त्याचे दात सुईसारखे खोल जातात आणि आत पू होतो. ब्रश धरायचं बोट आहे ते. आणि पावसात पिंजरे धुताना हातमोजे आणि गमबूट. लेप्टोचा ताप आपल्या जिल्ह्यांना नवा नाही, आणि तो उंदराप्रमाणे कुत्र्याच्या मुतातूनही येतो.

आई-बाबांना काय सांगायचं ते विचारलं नाहीस, पण पत्रात ते बसलेलेच आहेत. त्यांना वाद घालून पटणार नाही. आषाढातले वीस पत्ते पाटावर ओळीने मांड आणि त्यांना चहाला बोलाव. बाबा बहुतेक विचारतील, "याचे किती येतात?" चिडू नकोस. ते त्यांच्या परीने चित्राबद्दलच विचारतायत. साठ रुपये तास हा आकडा मग सांग आणि पुढचा हिशेब त्यांनाच करायला दे.

तुझी,
ताई

ता. क. कागद मे महिना संपायच्या आत आणून ठेव. ३०० जीएसएमचाच घे, पातळ कागद आपल्या हवेत पापडासारखा वळतो. पावसाळी दमटपणाने कागदाचं सायझिंग (रंग झिरपू न देणारी खळ) मरतं आणि मग रंग शाईच्या डागासारखा पसरतो, दोष हाताला लागतो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. तुमच्याकडे येणाऱ्या औषधांच्या खोक्यांत त्या निघतात, फेकू नका म्हणून सांगून ठेव. डब्याच्या झाकणावर "खाऊ नाही" असं मोठ्या अक्षरात लिही, आणि बोर्डिंगमधल्या कुठल्याही बीगलच्या हाताला लागेल अशा उंचीवर ठेवू नकोस.